परतीची गाडी

येताना त्यांनी गाडी पाठवली होती.
शिकागोच्या विमानतळावर सुटातला एक माणूस
छातीशी पाटी धरून उभा: मिस्टर इंग्वेल.
इंगवले म्हणायला त्यानं दोनदा जीभ वळवली,
मग म्हणाला, सर.
मी म्हटलं, चालेल.

अठ्ठाविसाव्या मजल्यावर खोली.
खाली नदीवर बर्फाचे पापुद्रे,
आणि पलंग एवढा
की कुठल्या अंगानं चढायचं याचा विचार पडावा.
चार उशा. पाचवी कपाटात,
तिच्यावर चिठ्ठी: आणखी हवी असल्यास कळवा.

मला वस्तू तोलून बघायची खोड.
शिरोलीत तीस वर्षं बीड ओततोय,
बारा वडिलांच्या हाताखाली, पुढं एकट्यानं.
न्हाणीघरातला नळ पितळेचा, अडीच किलो तरी,
कुठं छिद्र नाही, कुठं खरखर नाही,
ओतणाऱ्यानं जीव लावून ओतलेला.
दाराची मूठ मात्र पोकळ.

दुसऱ्या दिवशी मीटिंग अकरा मिनिटांची.
व्हॉल्व्हच्या बॉड्या आता व्हिएतनामहून येणार.
फार चांगल्या शब्दांत सांगितलं त्यांनी.
आमच्या बाजारात नाही म्हणजे
फोन उचलत नाहीत, बस्स.
इतकं मऊ नाही कुणाला परवडतंय?
तेव्हा कुठं खोलीचा अर्थ लागला.
स्थळाला नकार कळवायचा
तर आधी पोटभर जेवू घालतात, तसं.

संध्याकाळी खाली काउंटरवर गेलो.
मारिसोल नावाची मुलगी, केस घट्ट बांधलेले.
परतीची गाडी, म्हटलं, सातचं विमान आहे.
तिनं पडद्यावर खालपर्यंत पाहिलं, परत वरपर्यंत.
फक्त येतानाची दिसतेय, सर.
हे सांगताना तिचा आवाज आपोआप खाली गेला,
शेजारच्या पाहुण्याला ऐकू जाऊ नये म्हणून.
छोटी गाडी एकशे दहा, मोठी एकशे साठ,
टोल वेगळा, टिप आपल्या मर्जीनं.
मी मनात रुपये केले.
एका मोल्डरचा अर्धा महिना.

ट्रेन असते ना?
असते, रात्रभर असते, पण आमचे पाहुणे सहसा…
पुढचं ती बोलली नाही.
हॉटेलच्या जाडजूड कागदावर नकाशा काढून दिला:
दोन चौक, डावीकडं वळा, जिना खाली.
नकाशात तिनं एक झाडही काढलं होतं.

सामानात नमुन्याची बॉडी, नऊ किलोची.
मीटिंगमध्ये पिशवीतून काढायची वेळच आली नव्हती.
वाटलं, खोलीतच ठेवून जावी.
पण इथली माणसं प्रामाणिक,
विसरलेली वस्तू म्हणून घरी पाठवून देतील,
तीही माझ्याच खर्चानं.

पहाटे सव्वाचार. वारा असा की कान आहेत का बघावं लागे.
दारावरच्या म्हाताऱ्यानं टॅक्सीसाठी हात वर केला,
मी नको म्हटलं, तसा बॅगेकडं वळला.
पहिल्या हिसक्याला बॅग हलली नाही.
मग तो थांबला. गुडघे वाकवले, पाठ ताठ ठेवली,
आमच्याकडं नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतात तशी,
आणि उचलली.
आयर्न? म्हणाला.
आयर्न.
किती वर्षं होता, मी विचारलं.
त्यानं हातमोजा काढून चार बोटं दाखवली.
चार वर्षं म्हणायचं होतं,
की पाचवं बोट कुठं गेलं ते,
खोदून विचारायला वेळ नव्हता.
टिप त्यानं घेतली नाही.

डब्यात सगळे झोपलेले, गळ्यात ओळखपत्रं,
विमानतळावरची दुकानं उघडायला निघालेले.
एका बाईचं डोकं हळूहळू
माझ्या बॅगेवर येऊन टेकलं.
मी बॅग हलू दिली नाही.

तेवढ्यात शिरोलीहून फोन, वसगडे फोरमन.
तिकडं दुपार, मागं भट्टीचा पंखा घोंघावतोय.
काय झालं हे त्यानं विचारलं नाही.
परत जायला गाडी दिली न्हवं त्यांनी? म्हणाला.
आहे की, म्हटलं. लांबलचक आहे.
ड्रायव्हर इथनं दिसत पण नाही.